सोय म्हणजे कन्व्हिनियन्स

लालबागच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचं पाळणाघर चालायचं. पोळी-भाजी केंद्रात लाटणं धरणाऱ्या, परळच्या इस्पितळांत आयाचं काम करणाऱ्या बायका सकाळी पोरं आणून सोडायच्या. देणगी देणारे म्हातारे एकेक करून गेले, त्यांच्या मुलांना आमच्यात काडीचा रस नव्हता. मग विश्वस्तांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ग्रँट रायटिंग शिकून घे. कंपन्या पैसे देतात, मागता आलं पाहिजे. नाहीतर कुलूप लावावं लागेल. आणि तुझ्या करिअरलाही उपयोगी पडेल." करिअर! पोरांचे शेंबूड पुसता पुसता माझे केस पिकले होते.

दादरला शनिवारचा क्लास लावला. शिकवणारी बाई माझ्यापेक्षा लहान, हुशार, बोलण्यात साखर. ती म्हणे, पोरं जेवतात, झोपतात, हे लिहून चालत नाही, आउटकम लिहा. डोंबलाचा आउटकम! दोन वर्षांचं पोर आईशिवाय सुखानं झोपलं, याहून मोठा कसला आउटकम? पण शिकले. खरं सांगते, आवडायलाही लागलं होतं. बजेटच्या रकान्यांत दुधापासून फिनाइलपर्यंत सगळं नीट बसलं की बरं वाटायचं.

अर्जात एक जागा होती: मातांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा. संध्याकाळी दारात उभी राहून मी एकेकीला विचारलं, पाळणाघरामुळे तुम्हाला काय मिळालं? सगळ्यांचं एकच. "पोराची सोय झाली, टीचर." दुसरं काही बोलेचनात. जी ती आपली, सोय झाली. मला भरून आलं. त्यांचा शब्द बदलायचा नाही म्हणून मी डिक्शनरी उघडली आणि लिहिलं, कन्व्हिनियन्स. ओळीखाली ओळ, प्रत्येक आईच्या तोंडी, कन्व्हिनियन्स.

कंपनीचा नकार दोन ओळींत आला. आमचा निधी पालकांच्या कन्व्हिनियन्ससाठी नाही, अत्यावश्यक गरजांसाठी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू शकता.

क्लासच्या बाईंना फोन केला. त्या हळहळल्या. "अहो ताई, तो शब्द नको होता. लाइफलाइन म्हणायचं." अहो, पण त्या बायका कुठं लाइफलाइन म्हणाल्या? लेकीच्या बाळंतपणाची सोय, म्हाताऱ्याच्या औषधाची सोय, मेल्यावर चार खांद्यांची सोय. आमच्याकडे बाई सोय झाली म्हणते तेव्हा तिचा जीव भांड्यात पडलेला असतो. हे त्या साहेबांना इंग्रजीत कसं सांगायचं, कपाळ माझं! आणि पुढचं वर्ष उजाडेपर्यंत पोरांना दूध कोण पाजणार होतं?

पाळणाघर बंद झालं. गाद्या कुणी नेल्या, पाळणे भंगारात गेले. मला क्लासच्या बाईंनी त्यांच्या ऑफिसात घेतलं. एसीत बसून मी आता दुसऱ्यांचे अर्ज लिहिते. मंजूर होतात. पगार बरा आहे, घरचे खूश आहेत. मला मात्र सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. उठते, जाते, लिहिते.

परवा मार्केटात आमच्या एका पोराची आई भेटली, सावंतवाडीकडची. ती अजून पोळी-भाजी केंद्रातच आहे. मला बघून हसली, नोकरी लागल्याचं कळलं होतं तिला. "बरा झाला गो टीचर, तुझा तरी बरा झाला." मनापासून म्हणाली, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

"बाळ्या कुणाकडे असतो आता?" मी विचारलं.

"थोरली बघता त्याका," मेथीची जुडी उलटीपालटी करत ती म्हणाली. "शाळेतसून तिचा नाव काढलंय. काय करतलंय?"

थोरली पाचवीत होती. माझ्या अर्जात ती कुठंच नव्हती. लाभार्थी म्हणून फक्त लहान पोरं मोजायची होती.