आईचे न वाचलेले पेपर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. एकदा कॉलेजातल्या मैत्रिणीला सांगायला तोंड उघडलं होतं — तेवढ्यात चहा आला, आणि मला सुटल्यासारखं झालं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. की हाही भित्रेपणाच?

मी सुरतला एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते. परीक्षा जवळ आली की एम.ए.ची मुलं विचारतात, मॅडम, उजळणी कशी करायची? मी सांगते. नुसतं परत परत वाचत बसू नका, पुस्तक मिटा आणि काय आठवतंय ते बघा. गोष्ट सांगू नका, विचारलंय त्याचं उत्तर लिहा. घड्याळ समोर ठेवून लिहा. आणि लिहिलेलं अशा कुणाला तरी दाखवा, जो ते खरंच वाचेल. हे शेवटचं सांगताना मी मुलांकडे बघत नाही. फळा पुसायला वळते.

यातलं निम्मं मी आईकडून शिकले. ती कधीच एम.ए. झाली नाही.

आम्ही मूळचे शिरपूरकडचे. पप्पा पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. सुरतेतच लिंबायतमध्ये दोन खोल्या. आईचं बी.ए. लग्नानंतर बाहेरून झालेलं, तेही इंग्रजी घेऊन — का, ते तिलाच माहीत. मी एम.ए.ला गेले त्या वर्षी ती म्हणाली, "मीबी फॉर्म भरू का?" पप्पा हसले. मीही हसले. तिने भरला. मी रोज कॉलेजला जाणारी, ती बाहेरून बसणारी. पण विद्यापीठ एक, अभ्यासक्रम एक, पेपर तेच.

ती अभ्यास कसा करायची, सांगू? सकाळी एक प्रकरण वाचायचं, पुस्तक फळीवर ठेवून द्यायचं. मग साडी मांडीवर घेऊन शेजारच्या लताकाकूला ते सगळं अहिराणीत सांगायचं. लताकाकूला अक्षरओळख नव्हती, पण प्रश्न असे विचारायची — मग त्या बाईने त्याला घरात घेतलंच का? आईला उत्तर आलं नाही, की ती हातातली टिकली तशीच ठेवून उठायची आणि पान शोधायची. दुपारी घड्याळ लावून एक उत्तर लिहायची. संध्याकाळी ती वही माझ्या टेबलावर असायची, वर लाल पेन.

"मना पेपर तपासी दे बरं, योगिता. घाई नही."

पहिले पाच-सहा पेपर मी वाचले. अगदी मन लावून वाचले, असं म्हणायला मला आवडलं असतं. वाचले, एवढंच. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण त्याने कोणी नापास होत नाही. खरी चूक वेगळी होती. प्रश्न कुठलाही असो, आई पूर्ण गोष्ट सांगायची. कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण मेलं. प्रश्नाचं उत्तर आलंच तर शेवटच्या चार ओळींत, आणि तोवर वेळ संपलेली. लताकाकूला सांगायची सवय तिथेही उतरलेली.

हे मला दुसऱ्याच पेपरात दिसलं होतं. दहा मिनिटं तिच्याजवळ बसून सांगायचं होतं — आई, आधी उत्तर, मग गोष्ट, तीही लागेल तेवढीच. दहा मिनिटं.

मी नाही सांगितलं.

आळस होता. माझाही अभ्यास होता. हे सगळं खरं आहे, आणि कितीतरी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आले. पण एवढंच असतं तर मी आज तुमच्याशी बोलले असते का?

झालं असं. आमच्या एका कादंबरीतली विधवा रोज जेवणाच्या वेळी दोन ताटं मांडते. वर्गात सरांनी सांगितलं होतं, तिला भ्रम झालाय. आम्ही सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. आईने लिहिलं होतं — भ्रम नाही. एक ताट मांडलं तर कोणी तरी विचारेल, आणि मग तिला ते आपल्या तोंडाने सांगावं लागेल.

मी ती ओळ परत वाचली. आई आत पोळ्या लाटत होती, कपाळाला एक टिकली चिकटलेली, तिला पत्ताच नाही. आणि मला — कसं सांगू — माझ्या आईचा राग आला. मी रोज कॉलेजात जाते, लायब्ररीत बसते, आणि हे हिला दिसतं? पुढच्या आठवड्यात सेमिनारमध्ये ते वाक्य मी माझं म्हणून वाचलं. सरांनी मान डोलावली. म्हणाले, हे मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी आईचा एकही पेपर वाचला नाही. पान उलटायचं, खाली एक बरोबरची खूण, आणि इंग्रजीत 'छान'. चार महिने. मला माहीत होतं की ती नापास होणार. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे — मला माहीत होतं. आणि तिला ती एक चूक कळली तर ती माझ्या पुढे जाईल, हेही माहीत होतं.

निकाल लागला. मला फर्स्ट क्लास. आई दोन पेपरांत नापास झाली. तिने माझ्यासाठी पेढे आणले, गल्लीत स्वतः वाटले. लताकाकूने विचारलं, "आणि तुनं?"

"मनंच डोकं कमी पडनं," आई म्हणाली. "पोरनी तर रोज तपासी दिन्हं."

मी तिथेच उभी होते. हातात पेढ्यांचा डबा. पप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी परत बस. तिने फॉर्म भरला नाही. साड्यांचं काम वाढवलं. मला नोकरी लागली, माझं लग्न झालं. आणि हे सगळं मागे पडलं असं मी धरून चालले.

चार वर्षांपूर्वी पप्पा गेले. भावाने सुरतजवळ कडोदऱ्याला घर घेतलं होतं, तिकडे सामान हलवायचं म्हणून मी लिंबायतच्या घरी गेले. माळ्यावरच्या पेटीत त्या वह्या होत्या. तिथेच माळ्यावर बसून मी पहिल्यांदा त्या नीट वाचायला लागले. काय शोधत होते? आपण वाटलं तेवढं वाईट केलं नाही, असं काही सापडेल म्हणून?

तिसऱ्या वहीत, एका लांब उत्तराच्या मधोमध, त्याच बारीक अक्षरात, इंग्रजीतच तिने लिहिलं होतं — योगिता, तू हे वाचत नाहीस असं वाटतं. वाचत असशील तर इथे दोन खुणा कर.

खाली एक खूण होती. आणि 'छान'.

मी पुढची पानं उलटली. त्याच्यानंतर आणखी अकरा उत्तरं होती. अकरा वेळा तिने घड्याळ लावून लिहिलं, अकरा वेळा वही माझ्या टेबलावर ठेवली, वर लाल पेन. आणि मग गल्लीत उभं राहून लताकाकूला सांगितलं, पोरीने रोज तपासून दिलं.

"काय सापडनं?" आईने खालून विचारलं.

मी सांगू शकले असते. घरात आम्ही दोघीच होतो. माझ्या हातात ते पान होतं.

"काही नाही गं, जुनं सामान," मी म्हणाले. "देऊन टाकू?"

तिने खालून वर बघितलं. "दे," म्हणाली.

दुपारी भाऊ आला, मागोमाग पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला. बाकी रद्दी भावाने दिली, पण त्या वह्या मी स्वतः खाली नेल्या, माझ्या हाताने त्याच्या तराजूत ठेवल्या. वर आले तर आई गॅलरीत उभी होती. तिने बघितलं होतं. ती आत गेली, आणि आम्हा दोघींसाठी चहा ठेवला.

आता ती कडोदऱ्याला असते. मी दर रविवारी जाते. ती माझ्या कॉलेजबद्दल विचारते, मुलं हुशार आहेत का म्हणून विचारते. मी सांगते. तेवढंच सांगते.