मास्तरांची उत्तरं

मास्तर शिलाईचे, शाळेचे नव्हेत. पण त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, आणि तिला ते शोभायचंही. लग्नापासून घरातली वाटणी ठरलेली: कापायचं मास्तरांनी, बोलायचं तिनं. "मास्तर, मंगळवारी मिळेल ना?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की मास्तर खडूनं रेघ मारत राहायचे आणि उत्तर पडद्यामागून यायचं. त्यांची तब्येतसुद्धा लोक तिलाच विचारायचे, मास्तर समोर उभे असताना.

मग एकदा मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. पुढं पुढं तर खडूची खूण करायच्या आधीच कात्री चालायला लागली. हात पूर्वीइतकाच सफाईदार, पण आधी काय नि नंतर काय, तेच निसटलेलं. तपासण्यांत कळलं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी तुंबल्या होत्या. मुलानं कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं. "डॉक्टरांनी हो म्हटलं की लगेच काढतो, बाबा," म्हणाला. तेव्हापासून मास्तर दुकानाच्या कोपऱ्यात बटणं निवडत बसायचे. निवडून झाली की पुन्हा एकत्र करायचे आणि पुन्हा निवडायचे. मास्तरीणबाई ते रोज बघायची. कात्री परत मिळवायचीच, असं तिनं मनाशी ठरवलं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी चुंबकाचा उपचार सुचवला. सुई नाही, चिरफाड नाही. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तारेची कॉइल डोक्याला टेकवायची, टकटक आवाज होतो, बस्स. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉइल सरकवत एक जागा गाठली आणि मास्तरांचा अंगठा आपोआप उडाला. किती जोराच्या धक्क्याला मेंदू दाद देतो, ते त्यावरून मोजायचं होतं.

"बरं झालं, कुणाच्या तरी सांगण्यावर हलताहेत," मास्तरीणबाई म्हणाली.

डॉक्टर हसल्या, पण पुढचं त्यांनी स्पष्टच सांगितलं. "काहींना फरक पडतो, काहींना नाही. उपचाराआधी एक परीक्षा घेऊ, नंतर तशीच दुसरी. फरक दिसला तर पुढे चालू ठेवू."

परीक्षा म्हटल्यावर बाई कंबर कसून उभी राहिली. तशीच परीक्षा आधीच्या डॉक्टरांकडे तिच्यादेखत झाली होती. पाच शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढायचं, शंभरातून सात-सात वजा करायचे. तिनं मास्तरांना जेवताना, अंथरुणात, न्हाणीच्या दाराबाहेरून सगळं घोकायला लावलं. पहिल्या परीक्षेला तेच शब्द आले आणि मास्तर भराभर बोलून मोकळे झाले. ती खुशीत घरी आली.

उपचार संपल्यावरच्या परीक्षेला मात्र शब्द वेगळे निघाले. मास्तर जुनेच म्हणू लागले, मग थांबले, मग खिडकीकडे बघत बसले.

"मार्क बरेच उतरलेत," डॉक्टर म्हणाल्या. "उपयोग होत नाहीये. थांबवू या."

"असं कसं? घरी आता वर्तमानपत्रावर आधी खूण करतात, मगच कात्री धरल्यासारखा हात फिरवतात. मी रोज बघते. तुमच्या परीक्षेतच काहीतरी गडबड आहे."

"हिनं पाठ करून घेतलं होतं," मास्तर म्हणाले. "पहिल्या वेळेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग आता मी तुलना कशाशी करू, काकू? अंगठा उडण्याचं माप जरा सुधारलंय, पण तेवढ्यावर हातात कात्री द्या म्हणता येत नाही. इतके दिवसांच्या उपचारानं यांना फरक पडला की नाही, मला सांगताच येणार नाही. आजचे मार्क सुरुवातीचे धरू. उपचार पुन्हा पहिल्यापासून. आणि परीक्षेच्या वेळी तुम्ही बाहेर बसायचं."

जिना उतरताना तिचा सगळा राग मास्तरांवर निघाला. "आधी तोंडाला कुलूप होतं का?"

"आधी कुणी मला विचारलं?"

"मी तुमच्यासाठीच मरमर केली ना?"

"तुला मी पास व्हायला हवा होतो," मास्तर कठड्याला धरून म्हणाले. "मला कोट कापायचाय."

दुकानात मुलगा वाट बघत होता. सवयीनं त्यानं आईकडे बघूनच विचारलं, "काय म्हणाल्या?"

तिच्या ओठांवर सगळं तयार होतं: डॉक्टर कशा, परीक्षा कशी, चूक कुणाची. तिनं दात आवळले आणि मास्तरांकडे मान वळवली. मास्तरांना शब्द सापडेनात. मशीन बंद, गिऱ्हाईक ताटकळलेलं, मुलगा एकदा बापाकडे तर एकदा आईकडे बघतोय.

"पुन्हा... पहिल्यापासून," मास्तर शेवटी म्हणाले. "कात्री इतक्यात नाही."

"मग कधी?" मुलानं पुन्हा आईलाच विचारलं.

"त्यांना विचार," ती खेकसली आणि आत निघून गेली.