जाळीतून दिसलेलं

काकीच्या परसात घोसाळ्याचा वेल एका सागवानी जाळीवर चढला आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी; सुट्टीला गेले की परसात एक फेरी ठरलेली. जवळ गेले तर पिवळ्या फुलांच्या आडून तेलाचा नि धुपाचा जुना वास आला आणि मी चपापलेच. ही तर देवळातली जाळी! देवळाला नवी फरशी बसली तेव्हा ती काढली होती, आणि काकीनं म्हणे गावकीकडून मागून आणली. जिनं हिचा जन्मभर अपमान केला, तिच्यावर ही बाई भाजी पिकवते? काही केल्या मला उमजेना.

आमच्याकडे गावकी देवळात भरायची. पुरुष सभामंडपात, बायका जाळीमागे. बाईला काही म्हणायचंच असेल तर तिनं हळू बोलायचं आणि तिच्या घरच्या पुरुषानं उभं राहून ते सभेपुढे मोठ्यानं सांगायचं, म्हणजे 'उचलायचं'. त्यानं उचललं नाही तर ते बोललंच गेलं नाही, असा रिवाज. पुढे महाडच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं ब्रिटिश पार्लमेंट शिकवलं. राजाचे अधिकार, उमरावांचं सभागृह, मतदानाचा हक्क कसा मुंगीच्या पावलानं खाली झिरपला, सगळं घडाघडा. पण बायकांचा भाग आला की मी अडखळायचे. तिथल्या बायका आधी माळ्यावरच्या, दिव्यांची धग बाहेर टाकणाऱ्या झरोक्याभोवती बसून भाषणं ऐकत. मग त्यांना सज्जा मिळाला, तोही जाळीआड, आणि तो सभागृहात धरतच नसत. शेवटी दोघींनी स्वतःला त्या जाळीला साखळ्यांनी बांधून घेतलं, तेव्हा त्यांच्यासकट जाळी उपटून काढावी लागली. पोरी हसायच्या. मला मात्र साहेबाच्या त्या सज्ज्यात आमची काकी बसलेली दिसायची.

कारण ती सभा मी पाहिली आहे. काकीच्या मुलानं मुंबईत जातीबाहेर लग्न केलं होतं आणि घर वाळीत टाकायचं की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं. मी शाळकरी, काकीच्या मांडीला मांडी लावून जाळीमागे. काकी कधी नाही ती बोलली, "पोराचा राग आमच्यावर कशाला? सून माझी हाय, मी नांदवीन." एवढंच. पण सगळ्यांनी ऐकलं. माना काकांकडे वळल्या. आता काका उठतील, आता उठतील. काका उठले नाहीत. मग रिवाजाप्रमाणे काकी बोललीच नव्हती. दोन शिमगे देवाची पालखी आमच्या दारावरून न थांबता पुढे गेली. काकांशी मी ते जाईपर्यंत धड बोलले नाही. इतका भ्याड माणूस नि काकी त्याला गरम भाकरी कशी वाढते, याचाच मला संताप यायचा.

आता काका नाहीत. वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि काकी ग्रामसभेत पहिल्या रांगेत खुर्चीवर बसते. म्हणून न राहवून मी विचारलंच, ही ब्याद घरात कशाला आणलीस? काकी घोसाळी तोडत राहिली. मग म्हणाली, "ते उठत होते गो. गुडघ्यावर हात टेकला होता, दोनदा. या जाळीतून मला दिसलं. दुसऱ्या कुणाला नाय दिसलं."

मी तिच्या शेजारीच होते. मला नुसत्या पाठी दिसल्या होत्या.

तेव्हापासून माझा सगळा हिशेब विस्कटला आहे. सभेच्या इतिहासात कोण बोललं ते लिहितात, कोण गप्प बसलं तेही कधी लिहितात. उठता उठता राहिलेल्या माणसाचं काय करायचं? दोनदा टेकलेला हात पुरतो का? मला तर वाटतं, नाही पुरत. पण काकीनं त्यावर सबंध संसार केला. निघताना तिनं पिशवीत घोसाळी घातली, आणि मी मुकाट्यानं घेतली.