सपाता घातलेला माणूस

बायकोला आयर्लंडमध्ये लिमरिकजवळ नोकरी लागली तेव्हा मी पुण्यातली माझी नोकरी सोडली. एका कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघायचो, अठरा वर्षं. सहा महिन्यांत इथेही काहीतरी मिळेल असं आम्ही दोघांनी धरलं होतं. आता चौथं वर्ष चालू आहे. सकाळी आठला ती गाडी घेऊन शॅननला ऑफिसात जाते, मुलगी शाळेत जाते, आणि मी डिशवॉशर लावून लॅपटॉप उघडतो. अर्ज करतो. उत्तरं फार सभ्य येतात.

युरोपात राहायला गेलो की जुनी शहरं पायी हिंडायची, फोटो काढायचे, असं मी येताना ठरवलं होतं. प्राग, लिस्बन, व्हेनिस, अशी यादीही केली होती. इथल्या व्हिसावर तिकडे जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो आणि त्याची अपॉइंटमेंट महिनोन्‌महिने मिळत नाही, हे इथे आल्यावर कळलं. मग माझा युरोप म्हणजे लिमरिकच राहिलं. नदीकाठचा किल्ला, त्याच्यामागचं जुनं कॅथेड्रल, लाल विटांच्या उंच घरांच्या रांगा. एकदा ॲथलोनला जाऊन तिथलाही किल्ला पाहून आलो.

वाढदिवसाला बायकोने ऑफिसातल्या कुणाकडून तरी वापरलेला कॅमेरा आणून दिला. म्हणाली, घरात कुढत बसण्यापेक्षा बाहेर तरी पडशील. मी पडलो. आमच्या भागातल्या लायब्ररीत बुधवारी सकाळी स्ट्रीट फोटोग्राफीचा वर्ग भरायचा, त्यात नाव घातलं. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे होते. तरुणपणी वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचे. वर्गात मी एकटाच परदेशी.

पहिल्या महिन्यात मी शेकड्याने फोटो काढले. सरांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "तुझ्या फोटोतली सगळी माणसं निघून चाललीत."

खरंच होतं. सगळ्या पाठी होत्या. समोरून कॅमेरा धरायची माझी छाती व्हायची नाही. गोऱ्यांच्या गावात एक काळा माणूस बायकापोरांकडे कॅमेरा रोखून उभा, हे चित्रच मला नको वाटायचं. मी तसं सरांना सांगितलं नाही. त्यांनी मात्र ओळखलं असावं, कारण ते म्हणाले की आधी विचारायचं, फार तर नाही म्हणतील. शेवटच्या आठवड्यात लायब्ररीच्या भिंतीवर प्रदर्शन लावायचं होतं. प्रत्येकाने एका अनोळखी माणसाचा चेहरा आणायचा होता.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी किल्ल्यासमोर नदीकाठच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरे केस नीट विंचरलेले, अंगात जाड स्वेटर, कोट नाही. पायात घरात घालायच्या चौकड्यांच्या कापडी सपाता. मी दोनदा पुढून गेलो आणि तिसऱ्यांदा थांबून विचारलं, फोटो काढू का. ते लगेच हसले आणि "ग्रँड" म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत खुशाल काढ.

एवढ्या सहज कुणी हो म्हटल्याचा मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या शेजारी बसलोच. इथे आल्यापासून कुणा आयरिश माणसाशी माझं इतका वेळ बोलणं झालं नव्हतं. तू कुठला, असं त्यांनी विचारलं. मी इंडिया म्हटलं. बायको दुकानात गेलीय, येईल एवढ्यात, म्हणाले. त्यांनी कुठल्या तरी रेल्वेच्या कामाची गोष्ट सांगितली, मग परत विचारलं, तू कुठला. इथे सगळेच ते विचारतात, म्हणून मी परत इंडिया म्हटलं. ऊन तिरपं पडलं होतं, मागे किल्ल्याची भिंत, त्यांचे डोळे निळे. मी फोटो काढत गेलो. कितीतरी काढले.

मी उठलो तसे ते म्हणाले, "गाडी आणलीयस का तू?"

मी नाही म्हटलं, बसने आलोय.

"फार चाललो आज," ते म्हणाले.

मी म्हटलं, चालणं चांगलंच. त्यांचा हात हातात घेतला आणि निघालो. बसमध्ये बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांचा चेहरा मोठा करकरून पाहत होतो.

घरी बायकोला दाखवला. तिने चित्र खाली सरकवत पायांपर्यंत पाहिलं. "अरे, यांनी घरातल्या सपाता घातल्यात," ती म्हणाली.

मी म्हटलं, तीच तर फोटोतली गंमत आहे. आपल्या पुण्यात माणूस स्लिपर घालून चौकात दूध आणायला जातो, त्यात काय एवढं. पण तीन वर्षं इथे राहून मला हेही माहीत होतं की नोव्हेंबरात इथलं कुणी कापडी सपाता घालून ओल्या रस्त्यावर येत नाही. माहीत होतं आणि सुचलं नाही. उलट सपाता नीट दिसाव्यात म्हणून मी दोन पावलं मागे सरलो होतो.

सरांना फोटो फार आवडला. इथे कुणाही तिऱ्हाईताला 'युअर मॅन' म्हणतात. सर म्हणाले, युअर मॅनच्या चेहऱ्यात काहीतरी आहे, आणि पायांत तर आहेच. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढचे तीन शनिवार मी त्या फोटोची एक प्रत पाकिटात घालून नदीकाठी गेलो. ते भेटले नाहीत.

प्रदर्शन लागलं. माझा फोटो दाराजवळ लावला होता. मुलगी शाळेतून येताना बघून आली आणि नेहमीसारखं इंग्रजीतच म्हणाली की तो तिला सगळ्यांत आवडला. त्या आठवड्यात मी बायकोपाशी नोकरीचा विषय काढला नाही. बऱ्याच वर्षांत नव्हतो इतका बरा होतो मी.

पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. त्या म्हाताऱ्या गृहस्थांची मुलगी लायब्ररीत आली होती आणि तिला फोटो काढणाऱ्याला भेटायचं होतं. मला वाटलं तिला प्रत हवी असेल. पाकीट आणि कॅमेरा घेऊन गेलो.

पन्नाशीच्या आसपासची बाई होती, अंगावर कामाचा गणवेश. सर तिच्याजवळ उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. तिने विचारलं, हा कधी काढला. मी तारीख सांगितली. किती वाजता? मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, तीनला दहा कमी.

तिने मान हलवली. मग सांगितलं, फार हळू आवाजात. वडिलांना काही वर्षांपासून विसरभोळेपणाचा आजार होता. त्या दिवशी दार उघडं राहिलं आणि ते बाहेर पडले. दीडपासून सगळे शोधत होते, ती, तिचा भाऊ, शेजारी. नदीची सगळ्यांना भीती होती, पण ते शोधत होते घराजवळच्या काठाने. अंधार पडल्यावर ते दुसऱ्या पुलाच्या पायऱ्यांवर सापडले. घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि अंगावरचं सगळं ओलं होतं. हॉस्पिटलमधून ते घरी आलेच नाहीत. आता नर्सिंग होममध्ये आहेत, पलंगावर. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी सॉरी म्हणालो.

"तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं," ती म्हणाली. भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. "इथे किती खूश दिसतायत." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "ते तुमच्याशी काही बोलले? काही मागितलं त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही. छान हवा आहे, एवढंच म्हणाले."

हे मी का म्हटलं याची मी पुष्कळ कारणं शोधली. तिला आणखी त्रास नको, हे त्यातलं सगळ्यांत चांगलं कारण आहे. पण ते खोटं आहे. मला तिच्यासमोर तो माणूस व्हायचं नव्हतं, ज्याला तिच्या बापाने गाडी आहे का विचारलं आणि जो बस पकडून घरी गेला.

तिने फोटो उतरवायची विनंती केली. सरांनी लगेच उतरवला. मी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. भिंतीवर चार टाचण्या राहिल्या.

बायकोला मी बाकी सगळं सांगितलं. ती म्हणाली, कुणालाही कळलं नसतं रे, नको लावून घेऊस. सपातांचा उल्लेख तिने केला नाही, मीही नाही. गाडीचं मी तिलाही आजवर सांगितलेलं नाही. नर्सिंग होममध्ये भेटायला येऊ का, असं सरांकरवी विचारलं होतं. निरोप आला, आभार, पण नको.

पुढच्या सत्राला मी गेलो नाही. सरांनी दोनदा मेसेज केला, मग थांबले. कॅमेरा मुलीने शाळेच्या कामासाठी मागितला, तो देऊन टाकला.

फेब्रुवारीत एकदा मी बाजारातून येत होतो. बसथांब्यावर एक वयस्कर बाई पावसात उभ्या होत्या, छत्री नाही, आणि दोन बस त्यांच्यासमोरून गेल्या तरी चढल्या नाहीत. मी रस्ता ओलांडून गेलो. विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, कुठे जायचंय, कुणाला फोन करू का. पायात बूट होते, ते आधीच पाहून घेतलं होतं, तरी विचारलं.

"मी ठीक आहे," त्या म्हणाल्या. मी तरीही उभाच होतो. त्यांनी पर्स छातीशी धरली, माझ्याकडे न बघता थांब्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथल्या माणसाजवळ उभ्या राहिल्या. तो माझ्याकडे बघायला लागला. माझी बस आली, पण त्यांच्यासमोरून तिच्यात चढायचं मला धाडस झालं नाही. मी चालत घरी गेलो.