कोरा रकाना

चामराजपेटची स्मृती जाधव पाच वर्षे एका तलावाच्या पाण्यातला प्राणवायू मोजत होती. म्हणजे मोजायचा तलावाचा राखणदार यल्लाप्पा. रोज सकाळी सातला मीटर बुडवून तो आकडा वहीत लिहायचा आणि स्मृती त्यावर पीएचडी करायची. प्रबंधाचे तिसरे प्रकरण तिच्या मार्गदर्शकांना, नरसिंहरावांना, सर्वात आवडले होते. गणपती विसर्जनाच्या दिवसांत प्राणवायू घटत नाही, असे त्यात सिद्ध केले होते. सोमवारी प्रबंध विद्यापीठात सादर व्हायचा होता.

त्याआधीच्या शनिवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये, डेटा सायन्सच्या प्रशिक्षणाला बसली होती. आठ शनिवारांचा वर्ग. शेवटी प्रत्येकाने वीस मिनिटे शिकवून दाखवायचे; जमले तर पुढच्या तुकडीला शिकवायची संधी. शिकवणारा पुण्याचा प्रणीत म्हणाला, आपापली आकडेवारी उघडा आणि एकच आकडा सलग किती दिवस आला ते शोधा.

“निसर्ग कॉपी करत नाही,” तो म्हणाला. “आपण करतो.”

वर्ग हसला. स्मृतीच्या पडद्यावर पाच ओळी आल्या. पाच वर्षे, पाच भाद्रपद, आणि दर वेळी तीन-चार दिवस दशांशापर्यंत तोच आकडा.

जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभे राहून यल्लाप्पाला फोन लावला. दोघे कन्नडमध्येच बोलत. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. विसर्जनाला पोलीस घाट बंद करतात, मग तो आदल्या दिवसाचा आकडा उतरवतो.

“मला सांगायचं ना, अण्णा.”

“तुम्हीच सांगितलं होतं, अक्का. एकही रकाना कोरा दिसता कामा नये.”

वहीच्या पहिल्या पानावर ते तिच्याच अक्षरात होते, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून.

नरसिंहरावांनी वही कधी मागितली नव्हती, पुढेही मागितली नसती. संध्याकाळी तिने त्यांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग प्रकरणात उरलं काय?”

“काही नाही, सर.”

सोमवारी विद्यापीठात मुदतवाढीचा अर्ज गेला.

आठव्या शनिवारी स्मृतीने तीच वही वर्गापुढे ठेवली, पहिल्या पानासकट. चूक लिहिणाऱ्याची ना, असे कुणीतरी विचारले. “लिहायला सांगणाऱ्याची,” ती म्हणाली आणि पुढच्या ओळीकडे वळली. तिला प्रशिक्षक म्हणून घेतले.

यंदा तिने पोलिसांकडून परवानगीची चिठ्ठी आणली होती. दोन दिवस चालली. दोन्ही आकडे बरेच खाली आहेत. तिसरा रकाना कोरा आहे, आणि शेजारी यल्लाप्पाने लिहिले आहे: आत सोडले नाही.