ताईच्या ओढणीची लेस

काल मुलीच्या लग्नासाठी मेहकरच्या दुकानात सोनेरी लेस हातात घेतली आणि जानेफळचं आमचं घर आठवलं. ताईचं लग्न तोंडावर आलं होतं. बाबा गेल्यावर आईनं नेसणं सोडलेल्या लाल साडीची ओढणी शिवून झाली होती. काठाला लेस लावायला आईनं सुई ओवली, तशी आत्या म्हणाली, "वहिनी, तुमी नोका लावू. नवरीचं कापड हाये."

आईनं सुई खाली ठेवली. ताईनं ओढणी उचलून आईच्या मांडीवर पसरली. "मले आईच्याच हातची पायजे. नाई तं लेस राहू द्या."

आई मान खाली घालून टाके घालत राहिली. मला तेव्हा ताई हट्टी वाटली. तिचं धाडस आता कळतं. मंडपात ओढणी घसरली, तेव्हा आत्यानंच पुढं होऊन ती ताईच्या डोक्यावर नीट केली.