शोध वाढला

माझं परदेशातलं शिक्षण झालं ते शेव्याच्या खाडीकाठी. हसू नका. मी जन्मले मोंबासाला. बाप तिथल्या बंदरात कारकून, आई मी दहाची असतानाच गेलेली. इकडे देश स्वतंत्र झाला आणि बापाच्या डोक्यात आलं की पोरीनं मराठीतून मॅट्रिक व्हावं. "तू पुढे हो, मी मागून येतो," म्हणाला आणि मला बोटीत बसवून दिलं. तो काही आला नाही, पण ते रडगाणं आज नको.

मला ज्या घरी ठेवलं ते एका भंडाऱ्याचं, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याचं. त्याची बोट मोंबासाला लागली की तो आमच्याकडे जेवायला यायचा. मी त्याला काका म्हणायचे, म्हणून त्याची बायको माझी काकी. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या दारात तिची जाऊ राहायची. पुढे मिठागर, मागे खाडी. काका वर्षातले दहा महिने समुद्रावर आणि घरात आम्ही दोघी.

पहिल्या दिवशी तिनं पुढ्यात तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण ठेवलं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, डोळे पार डोक्यावर. शी! मी भोकाड पसरलं. मला मोगो हवा होता, आमच्या मोंबासाचा, उकडून तिखटमीठ लावलेला. "मोगो काय असतो गो?" काकीनं विचारलं. जमिनीतला कंद असतो म्हटल्यावर तिनं उठून रताळं भाजलं आणि वर म्हणाली, "आज लाड. उद्या निवटी." दोन महिन्यांत मी निवटीची डोकीसुद्धा चोखायला लागले.

जेवण जमलं, भाषा जमेना. एकदा बरणी उघडून मी ओरडले, "काकी, मीठ संपलं!" तशी ती धावत आली आणि माझ्या तोंडावर हातच ठेवला. "संपलं न्हाय म्हनायचं, मेले. वाढलं म्हन."

दारात मिठाचे ढीग आणि घरात मीठ वाढलं! मला वाटलं, थट्टा करतेय. मग हळूहळू उमगत गेलं. तांदूळ संपले की ते वाढले. बांगडी फुटली की ती वाढली. देवापुढे नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. आणि पानात भात वाढतात ते आणखी वेगळंच.

"अशानं कळायचं कसं, काय वाढलं नि काय संपलं?" मी वैतागून विचारलं.

"बोलनाऱ्याचं तोंड बघायचं. कलतं."

रोज संध्याकाळी तव्यावरची पहिली भाकरी काकाची. ती टोपलीखाली झाकून ठेवायची. घरात त्याची भाकरी असली की तिकडे तो उपाशी राहत नाही, असं काकीचं म्हणणं. सकाळी तीच शिळी भाकरी आम्ही दोघी अर्धी अर्धी चहात बुडवून खायचो. मला फार आवडायची.

मराठी कच्चं म्हणून मला दोन इयत्ता खाली बसवलं होतं. मी नववीत असताना काकाच्या बोट कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. आळीत इंग्रजी येणारी मी एकटी, मोंबासाच्या शाळेची कृपा. सकाळी हजेरी घेताना काका बोटीवर सापडला नाही, शोध चालू आहे, असं त्यात होतं. मी जसं होतं तसं सांगून टाकलं. काकी मटकन खाली बसली. संध्याकाळी उठून तिनं तवा ठेवला आणि पहिली भाकरी टोपलीखाली झाकली.

चार-पाच महिन्यांनी दुसरं पत्र आलं. दुपारची वेळ, काकी अंगणात सुकलेला जवळा निवडत होती. मी उभ्यानंच वाचलं. शोध संपवण्यात येत आहे, सदर इसम बुडून मरण पावला असं समजावं. दोन ओळी. संपलं हा शब्द त्या घरात तोंडातून काढायचा नाही, एवढं एकच डोक्यात होतं. तिनंच शिकवलेलं. मिठाला चालत नाही तो शब्द माणसाला कसा लावू?

म्हणून मी म्हणाले, "काकी, शोध वाढला."

"वाढला?" तिचा हात जवळ्यातच थांबला. "वाढला म्हंजे? आनखी बोटी धाडल्या व्हय?"

मी पत्राची घडी घातली. ती उठली, हात पदराला पुसले आणि कुंपणाशी जाऊन ओरडली, "ऐकलंस काय गो, शोध वाढलाय त्यांचा!" जाऊ बाहेर आली. दोघींनी खाडीवर जाऊन नारळ वाढवला आणि त्यातलं खोबरं आधी माझ्या हातावर ठेवलं. मी खाल्लं.

दया आली म्हणून गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला भीती वाटली. तिचं कुंकू गेलं तर हे घर मोडेल, आणि मग मला कुठे धाडतील? माझं मॅट्रिक राहिलं होतं. सतरा वर्षांची घोडी होते मी, कळत नव्हतं असं कसं म्हणू!

पत्र तिनं देवाच्या डब्यात ठेवलं. शाळेतल्या मास्तरांकडे वाचायला नेलं नाही. "तू वाचलंस ना, झालं मग," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी ती अर्धी भाकरी माझ्या बशीत आली. मेलेल्या माणसाची भाकरी मी मॅट्रिक होईपर्यंत रोज खाल्ली. कधी कधी वाटायचं, काका मागे उभा राहून बघतोय. मी मागे वळून बघायची नाही.

लग्न होऊन मी खाडीपलीकडे गेले. होडीनं यायचे तेव्हा दर वेळी ठरवून यायचे, आज सांगायचंच. संध्याकाळी ती तव्यावरून पहिली भाकरी काढून टोपलीखाली सारायची आणि मी न सांगताच परतायचे. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. असं दहा वर्षं चाललं.

ती गेली ती झोपेतच. निरोप आला तशी मी धावत आले. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, नवा चुडा भरला होता. "भाग्याची गो, सवाष्ण गेली," बाया डोळे पुसत म्हणत होत्या. जावेनं सूप माझ्यापुढे केलं. "तू तिची लेक. तूच आधी ओटी भर." मी ओंजळ भरून तांदूळ घातले. निम्मे जमिनीवर सांडले. बाया एकेक करून पुढे येत राहिल्या आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, "तांदूल वाढले."

मी उठून आत गेले. चूल थंड होती. टोपली उचलली तर खाली आदल्या संध्याकाळची भाकरी होती. मधोमध मोडलेली, दोन अर्ध्या वेगळ्या ठेवलेल्या. काकाची म्हणून काकी ती रात्रभर अख्खीच ठेवायची, मोडायची ती सकाळी, आम्हा दोघींसाठी. घरात मढं असताना अन्नाला शिवू नये हे मला ठाऊक होतं. तरी मी तिथेच उकिडवी बसून एक अर्धी कोरडीच खाल्ली.

त्या दुपारी मी पत्र वाचलं तेव्हा काकी कागदाकडे बघत होती, की माझ्या तोंडाकडे? किती वर्षं आठवून बघतेय. आठवत नाही.